भाड्याच्या घरातलं बाथरूम पर्यावरणपूरक करायचंय, सुरुवात कुठून करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घर भाड्याचं आहे, त्यामुळे टाइल्स फोडणं, कमोड बदलणं असलं काही करता येणार नाही, जे करीन ते घर सोडताना काढून आधीचं परत बसवता आलं पाहिजे. एवढं लक्षात ठेवून सल्ला द्या प्लीज.

झालं असं की रात्री सगळे झोपले की बाथरूममधून बारीक सुर्र असा आवाज यायचा. नळ तर सगळे बंद. मग फ्लश टँकमध्ये खायच्या लाल रंगाचे चार थेंब टाकले आणि अर्धा तास कोणालाच आत जाऊ दिलं नाही. नंतर बघते तर भांड्याच्या पांढऱ्या कडेवरून दोऱ्याएवढी गुलाबी रेघ खाली उतरत होती, इतकी बारीक की रंग नसता तर दिसलीच नसती. मग टँकचा कॉक बंद केला, आतून पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण केली, तासाभराने पाणी २ सेंटीमीटर खाली. टँक आतून ४२ बाय १५ सेंटीमीटर आहे, म्हणजे तासाला सव्वा लिटर, दिवसाला ३० लिटर चांगलं पाणी कोणी न वापरता गटारात. मला फार वाईट वाटलं. दात घासताना नळ बंद करा म्हणून मी मुलांच्या मागे लागते आणि इकडे हे दिवसरात्र चालू.

तर पहिला प्रश्न, तळाशी ती रबराची झडप असते ती आपली आपण बदलता येते का, की प्लंबरच लागतो?

दुसरं म्हणजे टँक जुना आहे, एका फ्लशला १२ लिटर जातात, हल्लीचे कमोड ६ लिटरमध्ये काम करतात. म्हणून पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली, आत थोडे खडे घालून, टँकमध्ये ठेवून बघितली (वीट नका ठेवू कोणी, ती पाण्यात झिजते आणि तो चुरा झडपेत अडकतो). पण मग एका फ्लशमध्ये साफच होईना, घरातले दोनदा ओढायला लागले, म्हणजे १२ च्या जागी २०! काढून टाकली. यावर काही उपाय आहे का? जुन्या टँकमध्ये बसणारा दोन बटणांचा ड्युअल फ्लश कोणी बसवलाय का, आणि जुन्या भांड्याबरोबर तो नीट चालतो का?

शॉवरचंही मोजलं. १० लिटरची बादली ५० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. आठ मिनिटांची अंघोळ धरली तर ९६ लिटर. ७ लिटरवाला शॉवर लावला तर एका अंघोळीत ४० लिटर वाचतात आणि ते पाणी १५ अंश तापवायची वीज, साधारण पाऊण युनिट, तीही वाचते. मला तर हा वीजेचा भाग पाण्याहून मोठा वाटतो कारण घरात चार माणसं आहेत. पण आमचं पाणी वरच्या टाकीतून येतं, प्रेशर बेताचंच, आणि हवा मिसळणाऱ्या शॉवरना प्रेशर लागतं असं ऐकलंय. अशा ठिकाणी कोणी लावलाय का? बेसिनच्या नळाला मात्र एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी छोटी जाळी) लावला, हाताने फिरवून बसला, कोणाची काही तक्रार नाही.

साफसफाईसाठी कडक अ‍ॅसिड बंद केलंय. क्षारांच्या पांढऱ्या डागांना कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून लावते, छान निघतात, फक्त संगमरवराला लावू नका, दगड खाल्ला जातो. आणि ब्लीच असेल तिथे हे किंवा कुठलंही अ‍ॅसिड अजिबात नको, विषारी क्लोरीन वायू होतो. शांपू, टूथब्रश आहेत ते संपल्यावरच बदलणार, चांगल्या वस्तू फेकून नव्या आणणं मला पटत नाही.

अपडेट: सगळ्यांचे मनापासून आभार! झडप माझी मीच बदलली, कॉक बंद करून टँक रिकामा केला, जुनी झडप दोन खुंट्यांवरून काढली, नवी अडकवली, वीस मिनिटं लागली. जुनीच्या कडेला क्षारांचा खरखरीत थर होता, तिथूनच गळत होतं. रात्री कॉक बंद ठेवून झोपले, सकाळी पाणी पेन्सिलच्या खुणेवरच. आवाजही गेला.

बाटलीचंही कळलं, भांड्याची रचनाच ठरावीक पाणी जोरात येईल हे धरून केलेली असते, त्यामुळे फार कापलं की ओढ लागत नाही. आता अर्ध्या लिटरची ठेवलीये, एका फ्लशमध्ये साफ होतंय. ड्युअल फ्लशचं अर्धं बटण जुन्या भांड्यातही लघवीपुरतं पुरतं असं दोघांनी लिहिलंय, तो पुढच्या महिन्यात बसवणार.

शॉवरचं तेवढं राहिलं. कमी प्रेशरवर पाणी कमी करणारा शॉवर वापरणारं कोणी असेल तर बादली लावून मिनिटाला किती लिटर येतं ते मोजून सांगाल का? आणि केसातला शांपू नीट निघतो का तेही.