जुनी सफारी, मागे पावणेदोन टनाचा ट्रेलर, सोलापूर ते लांजा: गाडीचं काय काय करून घेऊ?

मंद्रूपचा_डाळिंबवाला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१० ची सफारी डायकोर २.२ आहे, फोर बाय फोर, रनिंग दोन लाखाला टेकलंय, पण इंजिन अजून ठणठणीत आहे, ऑइल खात नाही, धूर नाही. आता विषय असा की मेव्हण्यांनी लांज्याजवळ काजूची बाग घेतलीय आणि आमची डाळिंबं इकडं मंद्रूपला, तर मिनी ट्रॅक्टर आणि ब्लोअर (फवारणीचं टाकीवालं मशीन) दोन्हीकडं फिरवून वापरायचा असं ठरलंय. एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून डबल ॲक्सलचा ट्रेलर बनवून घेतोय. ट्रॅक्टर नऊशे किलो, ब्लोअर रिकामा अडीचशे, ट्रेलर स्वतः सहाशेच्या आसपास, म्हणजे धरून चाला पावणेदोन टन. सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट उतरून पाली आणि तिथून लांजा असा रस्ता डोक्यात आहे. मे महिन्यात जायचंय, पाऊस लागायच्या आत.

गाडी ओढेल का हा प्रश्न नाही, १४० पीएस आणि ३२० एनएमचा टॉर्क आहे, ओढेल. पण जुनी गाडी आहे, घरच्यांना काळजी वाटतेय, मलाही वाटतेय. निघायच्या आधी काय काय करून घ्यायला पाहिजे ते जाणकारांनी सांगा. आणि शेजारचे म्हणतायत की ट्रेलर कशाला बनवतो, ऊसाची छोटी ट्रॉली आहे की, तीच जोड सफारीला. ते चालेल का?

पाकणीनाका

दादा, एका खेपेला पिकअप भाड्यानं करा आणि मोकळे व्हा. क्लच, टायर, हिच (गाडीमागं ट्रेलर अडकवायची जोडणी), ट्रेलर सगळा खर्च धरला तर किती वर्षांचं भाडं निघंल त्यात. आणि ऊसाच्या ट्रॉलीचं डोक्यातून काढून टाका. तिला सस्पेन्शन नसतं, पिनवर अडकवलेली असते, ट्रॅक्टरच्या स्पीडसाठी बनलेली असते, ती साठच्या स्पीडला सफारीच्या मागं उड्या मारायला लागली की धरवायची नाही.

मंद्रूपचा_डाळिंबवाला

पिकअपचा हिशोब केला होता, पण छाटणी, फवारणी, गवत असं वर्षातून बऱ्याचदा न्यायचं-आणायचंय आणि ऐन वेळी गाडी मिळत नाही, म्हणून ट्रेलर. ट्रॉलीचा विषय सोडला.

डिझेलवाले_काका

डाळिंबवाले, तुम्ही ओढायचं बघताय, मी तुम्हाला थांबायचं विचारतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का? तुम्ही लिहिलं नाही म्हणजे बहुतेक नसणार, आपल्याकडचे फॅब्रिकेटर न सांगता लावत नाहीत. युरोपात साडेसातशे किलोच्या वर ट्रेलर गेला की त्याला ब्रेक लागतोच, आणि तुमचा त्याच्या दुपटीहून जास्त आहे. सफारीचे ब्रेक सफारीसाठी आहेत, पुढं डिस्क मागं ड्रम, त्यांच्याकडून तुम्ही जवळजवळ दुप्पट वजन थांबवून मागणार आणि तेही आंबा घाट उतरताना. तेव्हा अजून ट्रेलर तयार होतोय तोवरच फॅब्रिकेटरला सांगा की ॲक्सल ब्रेकचे पाहिजेत. दोन प्रकार असतात. एक ओव्हररन, म्हणजे गाडीचा वेग कमी झाला की ट्रेलर पुढं ढकलतो आणि त्या ढकलण्यानंच त्याचे ड्रम आवळले जातात, वायर काही लागत नाही, पण रिव्हर्स घेताना तेच ब्रेक लागून बसतात म्हणून ऑटो रिव्हर्सचे ड्रम किंवा लॉक करायचा खटका आहे का ते विचारून घ्या. दुसरा इलेक्ट्रिक, केबिनमध्ये कंट्रोलर बसतो, घाटात तुम्ही नुसता ट्रेलरचाच ब्रेक हातानं लावू शकता. मला विचाराल तर घाटाचं काम असेल तर इलेक्ट्रिक, आणि सोबत ब्रेकअवे केबल, म्हणजे चुकून ट्रेलर सुटलाच तर त्याचा ब्रेक आपोआप लागतो.

आता गाडीकडचं. ब्रेक ऑइल पूर्ण बदला, टॉप अप नको. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ नवीन असताना २३० डिग्रीच्या पुढं उकळतं, पाणी ओढलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं, आणि घाटात ऑइल उकळलं की पेडल सरळ खाली जातं, मग पंप मारत बसायचं. मागचे व्हील सिलिंडर खोलून बघायला सांगा, दोन लाख झालेल्या गाडीत रबर कडक झालेले असतात, ड्रमच्या आत ओल दिसली की बदलाच. आणि मागच्या ॲक्सलला एक एलएसपीव्ही असतो, मागं किती वजन आहे त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह, त्याची लिंक जाम झालेली असते बऱ्याच गाड्यांत. कुणी मागची गाडी उचलायला स्पेसर किंवा जाड स्प्रिंग टाकली तर या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. म्हणून स्प्रिंगला हात लावला तर व्हॉल्व्ह परत सेट करून घ्यायचा, हे मिस्त्रीला तुम्हीच आठवण करून द्या.

हिच चॅसीला बोल्टनं पाहिजे, बंपरला नाही आणि चॅसीवर वेल्डिंग तर अजिबात नाही. चॅसीच्या पोकळ बॉक्समधून बोल्ट जातो तिथं आत पाइपचा तुकडा टाकायचा, नाहीतर बोल्ट आवळला की बॉक्सच दबतो आणि काही दिवसांनी ढिला होतो. हिचवरचा गोळा म्हणजे बॉल ५० एमएमचा घ्या आणि त्यावर बसणारा ट्रेलरच्या दांडीचा कपलरही ५० चाच आहे ना ते दोन्ही हातात घेऊन लावून बघा. सेफ्टी चेन दोन, बॉलखाली क्रॉस करून, म्हणजे कपलर सुटला तरी दांडी चेनवर पडेल, रस्त्यात रुतणार नाही.

मॅन्युअलमध्ये टोइंगचा आकडा दिला असेल तर तो शेवटचा, त्याच्या वर काही करू नका. आणि ट्रेलरचं स्वतःचं आरटीओ रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स करून घ्या, नंबर नसलेला ट्रेलर हायवेवर नेऊन काही झालं तर सगळं तुमच्या अंगावर येईल.

सातरस्ता_गॅरेज

काकांनी ब्रेकचं सांगितलं, मी गरम व्हायचं सांगतो कारण मे महिन्यात सोलापुरातनं निघणार आहात, ४२-४३ डिग्रीत. रेडिएटर नुसता आतनं फ्लश करून चालत नाही. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट बघा, तिथं धूळ, पाचटाचा भुसा, किडे यांचा गादीसारखा थर बसलेला असतो, बाहेरून जाळी स्वच्छ दिसते म्हणून कुणी बघत नाही. कंडेन्सर सुटा करून पुढं घ्यायचा आणि इंजिनकडून बाहेरच्या दिशेनं पाणी मारायचं, प्रेशर कमी ठेवून, नाहीतर पत्र्या वाकतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, बोअरचं पाणी नको, आपल्याकडच्या पाण्यानं आतनं क्षार धरतो. कॅप नवीन टाका, कॅपचं स्प्रिंग गेलं की पाणी लवकर उकळतं आणि लोक हेड गॅस्केटच्या मागं लागतात. फॅन व्हिस्कस, म्हणजे तेलाच्या कपलिंगवर फिरणारा, आहे का ते बघून घ्या, असेल तर इंजिन चांगलं गरम झाल्यावर बंद करून पातं हातानं फिरवा, अडकत अडकत फिरलं पाहिजे, गरगर फिरलं तर कपलिंग गेलं.

क्लचचं असं, सपाट रस्त्यावर चाळीस-पन्नासला पाचवा टाकून पूर्ण एक्सलरेटर दाबा, आरपीएम वर गेला आणि गाडी मागंच राहिली तर क्लच घसरतोय, अख्खा सेट बदला, लोड घेऊन तो घाट चढायचाच नाही. गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल बदला, किती दिवसांचं आहे कुणाला माहीत नसतं. टर्बो आणि इंटरकूलरचे होज पाइप हातानं दाबून बघा, तेलकट आणि मऊ झाले असले तर लोडवर फाटतात.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही चांगली असूदे, पाच-सहा वर्षं झालेले टायर या कामाला वापरू नका. आणि २३५/७० आर१६ घेताना लोड इंडेक्स बघा, १०५ म्हणजे एका टायरला ९२५ किलो. ट्रेलरला टायर जुने रिमोल्ड (झिजलेल्यावर नवी नक्षी चढवलेले) टाकायची फॅब्रिकेटरला सवय असते, तिथं ऐकून घेऊ नका.

मंद्रूपचा_डाळिंबवाला

खूप आभार दोघांचे. ट्रेलरला ब्रेक नव्हतेच, काल जाऊन थांबवलं काम, इलेक्ट्रिक ड्रमचे ॲक्सल सांगितलेत. दोन शंका. आमचा मिस्त्री म्हणतोय की लोड ओढायचाय तर थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू, गाडी थंड राहते. आणि ट्रेलरवर ट्रॅक्टर कुठं उभा करायचा, बरोबर ॲक्सलवर का पुढं?

सातरस्ता_गॅरेज

थर्मोस्टॅट काढू देऊ नका! बऱ्याच इंजिनात थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटर टाळून जाणारी बायपासची वाट बंद होते आणि सगळं पाणी रेडिएटरकडं जातं. तो काढला की गरम पाणी बायपासनं तिथल्या तिथं फिरत राहतं, रिकाम्या गाडीत कळत नाही, चढावर लोड आला की टेंपरेचरचा काटा वर. जुना असेल तर नवीन टाका, एवढंच.

डिझेलवाले_काका

ट्रॅक्टर थोडा पुढं. एकूण ट्रेलरच्या वजनाच्या साधारण ८ ते १० टक्के बॉलवर पडलं पाहिजे, म्हणजे तुमच्या केसमध्ये दीडशे किलोच्या आसपास, आणि हिच व गाडी तेवढं झेलते ना तेही बघायचं. कमी पडलं तर ट्रेलर मागून झोले खायला लागतो, जास्त पडलं तर सफारीची मागची कॉइल स्प्रिंग बसते, बोनेट वर, स्टिअरिंग हलकं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात.

मोजायचं कसं, तर साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहताय, वजनकाट्यांची काय कमी. काट्यावर पूर्ण भरलेला ट्रेलर सोडा, सफारीपासून सुटा, दांडीखालचा जॅकपण काट्यावरच. तो आकडा लिहून घ्या. मग सफारी जोडा आणि फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर, सफारी बाहेर. दोन्हीतला फरक म्हणजे बॉलवरचं वजन. काटा दहा-वीस किलोच्या टप्प्यानं दाखवतो म्हणून अगदी तंतोतंत येणार नाही, पण अंदाज पक्का येतो. ब्लोअरच्या टाकीत पाणी थेंबभर नको, पाचशे लिटर म्हणजे अर्धा टन आणि तोही हिंदकळणारा.

ट्रॅक्टर गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, चारी कोपऱ्यांना रॅचेट बेल्ट किंवा चेन, आणि त्या ॲक्सलला किंवा चॅसीला बांधायच्या, मडगार्डला नाही. झोले सुरू झालेच तर पायाखालचा ब्रेक जोरात मारू नका आणि स्टिअरिंगनं सरळ करायला जाऊ नका, एक्सलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, आणि कंट्रोलरनं नुसता ट्रेलरचा ब्रेक हलका लावा.

साखरप्याची_सून

मी माहेरची बार्शीची, सासर साखरप्याला, त्यामुळे हा रस्ता आमचा नेहमीचा आहे. सोलापूर ते मिरज रस्ता मोठा आणि सरळ आहे, तिथंच वेग वाढतो, साठ-पासष्टच्या पुढं जाऊ नका. पहाटे चारला निघा म्हणजे उन्हाच्या आत मिरज गाठाल. मंगळवेढ्याला थांबून ट्रेलरच्या चाकांचे नट परत आवळून घ्या आणि प्रत्येक हबजवळ हात नेऊन बघा, एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय. बेल्टही तिथंच एकदा ताणायचे, ट्रॅक्टरचे टायर दबले की ढिले होतात.

मलकापूरच्या पुढं चढ लागतो, तिथं पाचवा टाकून गाडी कुंथवत नेऊ नका, चौथा-तिसरा, आणि काटा चढायला लागला तर एसी बंद. आंब्याला दहा मिनिटं थांबा. घाट उतरायला सुरुवात करतानाच दुसरा गिअर टाकायचा, मध्ये वेग आल्यावर टाकू म्हणाल तर उशीर झालेला असतो. ब्रेकवर पाय सतत ठेवायचा नाही, एकदा नीट दाबून वेग पाडायचा आणि सोडायचा. वळणांवर ट्रेलर आतून कापतो, आतल्या बाजूला गटार असतं, म्हणून वळण जरा रुंद घ्या. दुपारनंतर मे महिन्यात वळवाची सर येते तिकडं, त्या आत खाली पोचा. कामं कुठं चालू आहेत ते आदल्या दिवशी कुणाला तरी विचारून घ्या.

आणि फोर बाय फोर घाटात टाकू नका, कोरड्या डांबरावर ते टाकलं की वळताना गिअरबॉक्सला ताण येतो. मेव्हण्यांच्या बागेत शेवटचा लाल मातीचा चढ असेल तिथं फोर बाय फोरची लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोराचे गिअर, कामाला येईल, क्लच वाचेल.

मंद्रूपचा_डाळिंबवाला

ताई, एवढं बारीक कुणी सांगत नाही, आभार. ट्रेलर आला, काल काट्यावर नेला. सुटा १७६०, जोडून फक्त चाकांवर १६९०. म्हणजे बॉलवर सत्तरच किलो. ब्लोअर ट्रॅक्टरच्या मागं ठेवलाय. ब्लोअर पुढं आणू का?

डिझेलवाले_काका

ब्लोअर पार मागून पुढं आणला तर एकदम दोनशेच्या वर वाढेल, नको. ब्लोअर आहे तिथंच राहूदे, ट्रॅक्टर फूटभर पुढं घ्या आणि परत काट्यावर जा. बॉल ते ॲक्सल दहा फूट धरलं तर नऊशे किलोचा ट्रॅक्टर फूटभर सरकवून नव्वद किलो वाढतात, म्हणजे १६० च्या आसपास. आकडा जमला की ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांसमोर ट्रेलरच्या फळीवर ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवा आणि तिथं अँगलचा स्टॉपर वेल्ड करून घ्या, लांज्याहून परत येताना मेव्हणे चढवतील तेव्हा त्यांनाही तीच जागा सापडेल.

मंद्रूपचा_डाळिंबवाला

१७६० आणि १६००. स्टॉपर उद्या लावून घेतो. सफारीचे टायर आणि क्लच सेट या आठवड्यात, सातरस्तावाले तुमच्याकडंच आणतोय गाडी, कुठला वार मोकळा आहे ते सांगा.