‘स्वेतोस्लाव’मधले ‘स्वेत’ म्हणजे ‘श्वेत’ नव्हे

देविकाराणी यांचे पती, चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक (१९०४–१९९३) यांच्या नावाचा अर्थ ‘शुभ्र कीर्तीचा’ असा लावण्याचा मोह मराठी वाचकाला सहज होतो, आणि तो अर्थ अर्धाच बरोबर आहे. रशियन लिपीत हे नाव ‘स्व्यातोस्लाव’ असे लिहितात. आघात शेवटच्या ‘स्लाव’वर असल्यामुळे बोलताना आधीचे स्वर पुसट होतात आणि अखेरचा ‘व’ जवळजवळ ‘फ’सारखा ऐकू येतो. रोमन लिपीच्या वाटेने आपल्याकडे आलेले ‘स्वेतो’ म्हणूनच फसवे आहे. रशियनमधला प्रकाशवाचक ‘स्वेत’ हा आपल्या ‘श्वेत’चा सख्खा भाऊ खरा, पण या नावात तो नाही. येथे आहे तो पवित्र या अर्थाचा ‘स्व्यात’, आणि त्याचे नाते अवेस्तातील, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातील, ‘स्पेन्त’शी आहे. संस्कृतात ‘श्व’ असेल तेथे अवेस्तात ‘स्प’ येतो, जसे ‘अश्व’ आणि ‘अस्प’. रशियन ज्या कुळातली, त्या स्लाव्ह भाषांत त्याच जागी ‘स्व’ दिसतो.

उत्तरपद मात्र आपल्या अगदी ओळखीचे आहे. ‘स्लावा’ म्हणजे कीर्ती. ज्या धातूपासून हा शब्द आला, त्याच्याच घरातले आपले ‘श्रवण’, ‘विश्रुत’ आणि वैदिक ‘श्रवस्’ आहेत. कीर्ती ही मुळात ऐकण्याची गोष्ट, चार लोकांच्या कानांवर गेलेली. महाभारतातला भूरिश्रवा म्हणजे विपुल कीर्तीचा, आणि यारोस्लाव, म्स्तिस्लाव ही नावे त्याच साच्यातली. (उच्चैःश्रवा या घोड्याच्या बाबतीत ‘उंच कानांचा’ असाही अर्थ देतात, कारण ‘श्रवस्’ म्हणजे कानही, घोड्याला तो शोभतोही.) ग्रीक ‘पेरिक्लीस’मधले ‘क्लीस’ याच कुळातले.

‘पवित्र’ म्हटले की ख्रिस्ती संताची आठवण होते, पण येथे ती गैरलागू आहे. कीव्हचा राजा पहिला स्व्यातोस्लाव ९७२ मध्ये मारला गेला तो अखेरपर्यंत ख्रिस्ती न होताच. तेथील प्रजेला बाप्तिस्मा मिळाला तो त्याचा मुलगा व्लादिमिर याच्या काळात, ९८८ च्या सुमारास. आईबापांची ओल्गा आणि इगोर ही नावे नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, वळणाची असताना मुलाला असे निखळ स्लाव्ह नाव मिळावे, हे मला त्याच्या अर्थाहून अधिक बोलके वाटते.

लेखनाबद्दल माझे मत असे की चित्रकाराचे रुळलेले ‘स्वेतोस्लाव’ बदलू नये, मात्र कीव्हच्या राजाविषयी लिहिताना ‘स्व्यातोस्लाव’च लिहावे.