परराज्यातलं वॉरंट: बॅग भरून घरी बसावं की स्वतःहून हजर व्हावं?

सोळा माग
इचलकरंजीत माझे 16 यंत्रमाग आहेत. कोइम्बतूरच्या पार्टीकडून सूत उचललं, माल खराब निघाला म्हणून पेमेंट अडवलं, दिलेला चेक वटला नाही. 138 ची, म्हणजे चेक न वटल्याची, केस तिकडेच लागली. 2015 च्या दुरुस्तीपासून, समोरच्याने चेक आपल्या खात्यात भरला की त्याच्याच शाखेच्या गावी केस चालते. समन्स जुन्या पत्त्यावर गेलं. परवा ई-कोर्टवर बघतो तर एनबीडब्ल्यू, म्हणजे अजामीनपात्र वॉरंट!

माझं मत: धावत जाऊ नये. कोर्ट 30 किलोमीटरच्या पलीकडे असलं की पकडल्यावर आधी इथल्याच मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. 138 जामीनपात्र, म्हणजे जामीन इथंच. जामीनदार म्हणून मेहुण्याचा सातबारा काढून ठेवलाय. बॅगेत बीपीच्या गोळ्या, डॉक्टरची चिठ्ठी, वकिलाचा नंबर कागदावर लिहून, कारण मोबाइल आधी काढून घेतात. पटत नसेल तर भांडा.

कज्जेवाली
नियम बरोबर (फौजदारी प्रक्रिया संहितेची जुनी कलमं 80-81, आता नागरिक सुरक्षा संहितेची 82-83), हिशेब चुकला. इथल्या जामिनावर सुटून शेवटी तारखेला तिकडेच जायचंय ना? मग हातकडीची वाट कशाला बघता? वॉरंट आपोआप शिळं होत नाही. बजावेपर्यंत किंवा त्याच कोर्टाने रद्द करेपर्यंत जिवंत राहतं. पुढची पायरी फरारी घोषित करून जप्ती. तिथला वकील धरा, समन्स जुन्या पत्त्यावर गेल्याचा पुरावा जोडा, वॉरंट रद्द करून घ्या आणि पुढच्या तारखांना गैरहजेरीची सूट मागा.

पंचगंगाकाठचा
एवढा उपद्व्याप कशाला? ट्रान्झिट बेल घ्या की, तिकडच्या कोर्टात पोचेपर्यंतचा तात्पुरता अटकपूर्व जामीन. ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईची फेरी वाचली.

कज्जेवाली
दादा, अटकपूर्व जामीन अजामीनपात्र गुन्ह्याला असतो. सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये प्रिया इंदोरिया प्रकरणात ट्रान्झिटचा रस्ता मोकळा केला, तो परराज्यातल्या एफआयआरसाठी. वॉरंट अजामीनपात्र झालं म्हणून 138 चा गुन्हा अजामीनपात्र होत नाही. उगीच फी जाईल.

विटेकर
दोघंही कायदा सांगताय, मी पाहिलेलं सांगतो. माझ्या चुलतभावाला शुक्रवारी संध्याकाळी दुकानातून उचललं. गाडीत मागच्या सीटवर कोण? समोरच्या पार्टीचाच माणूस! "आत्ता दे, इथूनच परत जातो." भाऊ घाबरला, उसनवारी करून निम्मे दिले, पावती नाही. केस अजून चालूच. म्हणून बॅगेपेक्षा घरच्यांना पढवा: कोर्टाच्या शिक्क्याचं वॉरंट दाखवा म्हणायचं, अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची सही, स्थानिक ठाण्यात नोंद झाल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. आणि पैसे द्यायचे तर कोर्टात, तडजोडीच्या अर्जासोबत.

सोळा माग
मागच्या सीटचं वाचून बायको आता मलाच रागवतेय. ठीक आहे, वकील बघतो, कोर्टातच जातो. पण खराब सुताचे पूर्ण पैसे देणार नाही, हे आधीच सांगतो.

पंचगंगाकाठचा
ते सूत अजून गोदामात आहे की विणून विकलंत? विकलं असेल तर तिथं गेल्यावर पहिला प्रश्न तोच येणार.

सोळा माग
चार गाठी शिल्लक आहेत. बाकीचं विणलं.