संध्याकाळचा लांबचा प्रवास आणि गाडीतली गाणी: तुमचे अनुभव सांगा

सामानाची बांधाबांध करून निघायला साडेपाच वाजतात आणि मुक्कामी पोचायला साडेदहा-अकरा. तेवढ्यात उन्हं कलतात, दिवे लागतात, पोरं पेंगतात. ड्रायव्हरने मात्र जागं राहायचं. सकाळच्या प्रवासात अभंगांपासून बातम्यांपर्यंत काहीही चालतं. भांडणं होतात ती संध्याकाळी. कोणत्या रस्त्याला काय लावता, काय अजिबात लावत नाही, निवड कोण करतं? 'जुनी गाणी' असं मोघम नको, सविस्तर लिहा.

सुरुवात मीच करते. आमचा रस्ता पुणे–कोल्हापूर. खंबाटकी घाट उतरेपर्यंत सूर्य मावळतीला आलेला असतो, तेव्हा मी वसंतराव देशपांड्यांनी गायलेला मारवा राग लावते. मारव्यात पंचम (प) नाही, षड्जावरही (सा) सहजी येत नाहीत. सगळं रेंगाळणं रिषभ-धैवतावर (रे-ध). सासूबाईंना ते सोसत नाही. "अगं, कुणी गेल्यासारखं वाटतंय, बदल ते." आता तह झालाय: साताऱ्यापर्यंत मारवा माझा, पुढे यमन राग त्यांचा. दिवे लागल्यावर यमन शोभतोही.

*

ताई, मारवा घरी ठीक आहे. जुन्या मैफिलींच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीच्या विलंबित (संथ) भागाचा आवाज इतका बारीक असतो की टायरच्या आवाजात तानपुरा बुडून जातो. म्हणून आवाज वाढवायचा, आणि द्रुत (जलद लय) सुरू होऊन तबला कडाडला की मागे झोपलेलं बाळ दचकून रडायला लागतं. गाडीत आम्ही ठुमरी आणि नाट्यगीतं ठेवलीत, सात-आठ मिनिटांत विषय संपतो. तरी नकाशातली बाई आहेच. गायक समेवर यायला आणि तिने 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' म्हणायला!

*

ज्याच्या हातात स्टेअरिंग, त्याची गाणी. आमच्याकडे चर्चा नाही.

*

मुंबई–कणकवली, गणपतीला. पनवेल सुटेपर्यंत तिन्हीसांज होते आणि आमच्या गाडीत एकच पेनड्राइव्ह असतो: डबलबारी भजनं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन बुवा समोरासमोर, पेटी, पखवाज, झांजा. रूपावली, अभंग, गौळण, गजर अशी बारी चढत जाते. एक बुवा पुराणातलं कोडं घालतो, दुसरा आपल्या बारीत त्याचं उत्तर देतो आणि जाता जाता टोमणाही हाणतो. उत्तर काय येणार यावर गाडीत पैजा लागतात. झोप येणार कुणाला? आमचे बाबा एरवी गाडीत बसले की घोरतात, पण गजर सुरू झाला की डॅशबोर्डवर ठेका धरतात.

माणगावला गाड्यांची रांग लागली होती, काचा खाली होत्या. शेजारच्या गाडीतल्या काकांनी कान देऊन विचारलं, "बुवा खंयचो?" मग त्यांच्याकडची बारी वरचढ की आमची, यावर दोन गाड्यांमध्ये जुंपली. रांग सुटली म्हणून वाद सुटला.

*

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर. नागपूरहून दुपारी उशिरा निघालं तर मावळेपर्यंत सूर्य डोळ्यांतच. तो मावळला की पुढचा त्रास: वळणं नाहीत, सिग्नल नाहीत, कारला १२० ची मर्यादा आणि नजर एकाच पट्ट्यावर. गुंगी येतेच. गझल इथे पूर्ण बंद. मंद लय, मंद आवाज आणि एकसुरी रस्ता हे त्रिकूट वाईट. मी कीर्तनं, भारुडं आणि वऱ्हाडी हास्यकविता लावतो, कारण शब्दांकडे कान द्यावा लागतो. तरीही जांभया सुरू झाल्याच तर गाण्यावर विसंबत नाही, पुढच्या थांब्यावर गाडी घेतो. मुक्काम संभाजीनगरला, मुंबई दुसऱ्या दिवशी.

*

नाशिक–पुणे आणि विविध भारती. जयमाला, आठला हवामहल, पोचायला उशीर झालाच तर दहाला छायागीत. आपल्याला काही निवडावं लागत नाही हेच मोठं सुख, कारण आमच्याकडे यादी करायला बसलं की निघायलाच आठ वाजतील. एफएमच्या लहरी सरळ जातात, त्यामुळे डोंगर मध्ये आला की खरखर. चंदनापुरी घाटात नवरा वैतागून पुढचं स्टेशन शोधतो, मी त्याचा हात बाजूला करते. दोन वळणांनी गाणं परत येतं. मधलं कडवं आम्ही गातो, बेसूर का होईना.

*

सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसला इंटरस्टेट ५ ने. निम्म्याहून जास्त रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा. आळीपाळी: मुलीचं कोरियन पॉप, मग आमचं मराठी भावगीत. तिला मराठी भावगीत 'स्लो' वाटतं, मला तिच्या गाण्यांतलं काही कळत नाही. पण पाळी मोडली की ती बरोबर पकडते.

*

एसटीत चालक होतो, आता निवृत्त. ड्युटीवर गाणं नव्हतंच, खिडक्यांचा खडखडाट पुरे व्हायचा. आता स्वतःच्या गाडीत लावणी लावतो, सौ. चिडतात. पण घाट आला की बंद. वळणापलीकडचा हॉर्न ऐकू आला पाहिजे, आणि गिअर कधी बदलायचा ते मला काट्यापेक्षा इंजिनाच्या आवाजावरून लवकर समजतं. आमचा नातू घाटातही आवाज वाढवून ठेवतो, त्याच्या शेजारी मी बसत नाही.

*

कणकवलीवाले दादा, त्या पेनड्राइव्हवर कुठले कुठले बुवा आहेत तेवढं लिहा. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आम्हीही त्याच रांगेत असणार.