विषय: कॅमेरा कुठला, निकॉन डी३५०० की कॅनन १५००डी? चवथीआधी ठरवायचंय

डिचोलीहून, सोमवार रात्री

मंडळींना सप्रेम नमस्कार,

महिन्याच्या रजेवर घरी आले आहे. बाहेर पाऊस धरूनच आहे, तेव्हा हातातलं काम पुढे ढकलायला सबबही नाही.

आपल्या मंडळाच्या मागच्या बैठकीत ठरलं होतं की दिवाळीच्या कार्यक्रमात मस्कतच्या हॉलमध्ये माटोळीच्या फोटोंची एक अख्खी भिंत करायची. ते मी अंगावर घेतलं. तिथे वाढलेल्या आपल्या मुलांना आरत्या सगळ्या पाठ आहेत, पण गणपतीच्या डोक्यावर नारळ, सुपारीचे घड, चिबूड, कवंडळं टांगलेली ती लाकडी चौकट त्यांनी पाहिलेली नाही. गेल्या वर्षी मोबाइलवर काढलेले फोटो मोठे छापून बघितले. उजेडातलं तेवढं बरं आलं, सावलीतली फळं डांबरासारखी काळी.

म्हणून साधा डीएसएलआर घ्यायचा विचार आहे. वापरलेलाच, कारण चवथीनंतर तो इथे भाचीकडे राहणार. ती बारावीला आहे आणि तिला फोटोंचं वेड आहे. दोन मिळताहेत: इथे डिचोलीतच निकॉन डी३५००, आणि म्हापशाला कॅनन १५००डी. दोघांबरोबर १८-५५ची लेन्स. दोन्ही चोवीस मेगापिक्सेल, दोन्ही २०१८चे. कॅनन तीन हजारांनी स्वस्त आहे. कागदावर जुळी भावंडं वाटतात. माटोळी आणि घुमट आरती (घुमट म्हणजे चामडं ताणलेलं मातीचं वाद्य), एवढीच दोन कामं डोळ्यासमोर ठेवून सांगा, कुठला घेऊ?


फोंड्याहून, मंगळवार सकाळी

चि. ताई, अनेक आशीर्वाद.

मस्कत सोडून मी परत आलो तरी मंडळाच्या यादीवरून नाव काढून घेतलं नाही, ते अशाच पत्रांसाठी.

पहिलं सांगतो, चांगल्या उजेडात या दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर कुठला कशाचा हे मलाही ओळखता येणार नाही. फरक आहे तो अंधारात, आणि तुझी दोन्ही कामं अंधारातलीच. कौलारू घर, खिडक्या लहान, देवखोलीत समई आणि मखराचे दिवे. अशा फोटोत मागच्या फळांची सावली नंतर कॉम्प्युटरवर उचलावी लागते. निकॉनच्या सेन्सरमध्ये, म्हणजे उजेड टिपणाऱ्या भागात, त्या सावलीत बरंच शिल्लक असतं. कॅननच्या या मॉडेलमध्ये तीच सावली उचलली की दाणे आणि पट्टे वर येतात. दोन्हीकडे फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्येच, काढायचे. जेपीजीत हा फरक दिसायच्या आधीच कॅमेरा ती माहिती टाकून देतो.

दुसरी गोष्ट बॅटरीची. कंपन्यांच्या मापाने निकॉन एका चार्जवर १५५० फोटो देतो, कॅनन ५००. भाद्रपदात आपल्याकडे वीज कशी जाते ते तुला सांगायला नको.

बाकी फोकसचे बिंदू निकॉनला ११ आणि कॅननला ९, याने तुझं काही अडत नाही. दोघांचाही भरवशाचा बिंदू एकच, मधला. अंधारात तोच वापरायचा. सेकंदाला निकॉन पाच फोटो काढतो, कॅनन तीन. घुमटावरच्या हातासाठी हे थोडं उपयोगी पडेल.

पण ताई, पैसे देण्याआधी लेन्सवर काय लिहिलंय ते वाच. दोन्ही कंपन्यांनी १८-५५ दोन प्रकारची विकली. निकॉनच्या लेन्सवर शेवटी व्हीआर लिहिलेलं असलं तर हात हलण्याची भरपाई करणारी सोय तिच्यात आहे, नसलं तर नाही. कॅननच्या लेन्सवर आयएस असलं तर आहे, आणि नुसता रोमन तीनचा आकडा असला तर नाही. विकणाऱ्याला स्वतःलाच पुष्कळदा ठाऊक नसतं.

आणि आता गोव्याची गोष्ट. बुरशी.

इथल्या पावसात घरातली हवा चार महिने दमट असते. हवेतली आर्द्रता बरेच दिवस साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सच्या काचेवर बुरशी धरते, आणि आपल्याकडे ती ऐंशीच्या खाली येतच नाही असे आठवडे असतात. मी परत आलो त्या पहिल्याच पावसाळ्यात माझी सगळ्यात चांगली लेन्स अशी गेली. चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवली होती, नीट जपायची म्हणून. चामडं ओल धरतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. नवरात्रात बाहेर काढली तर काचेच्या कडेपासून मध्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. साफ करून आणली, पण बुरशीने काचेवरचा लेपच खाल्ला होता. दिव्याकडे धरली की फोटो आजही धुरकट येतो.

तेव्हा लेन्स कॅमेऱ्यातून काढ, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मार आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघ. कॅननची लेन्स काढल्यावर आतला पडदा उघडाच राहतो, लगेच दिसेल. निकॉनची काढली की पडदा मिटतो. मागच्या बाजूला एक बारीक दांडी असते, ती नखाने हलकेच सरकवून धर म्हणजे आरपार दिसेल. धूळ असेल तर सोडून दे, दोनचार कण सगळ्याच लेन्समध्ये असतात. धागे दिसले तर उठून ये. शिवाय वास घे. बॅगेला कुबट वास असेल तर कॅमेरा कुठे राहिला ते कळलंच.

निकॉनचा शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, तिथल्या तिथे कळतो, प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येच तो नोंदलेला असतो. कॅननच्या या मॉडेलचा असा सहज सापडत नाही. वापरलेला घेताना मला हे मोठं वाटतं.

माझं मत निकॉनला. पण बुरशी दिसली तर मत बदल.

काका


मस्कतहून, मंगळवार दुपारी

नमस्कार काका, नमस्कार ताई,

मी कॅननच्या बाजूने बोलते. आपल्या मंडळात चौघांकडे कॅनन आहे. ताईने कॅनन घेतला तर माझी ५० एमएम एफ १.८ लेन्स तिला मिळू शकते. पुढच्या आठवड्यात माझे दीर गोव्याला येताहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, तेव्हा अंधारात एफ १.८ लेन्स म्हणजे काय हे काकांना सांगायला नको. कॅमेऱ्यातल्या फरकापेक्षा या लेन्सने पडणारा फरक मोठा आहे, असं माझं प्रामाणिक मत. आणि उसनी मिळतेय तर त्या तीन हजारांत भाचीला चांगला ट्रायपॉड येईल.

दुसरं, घुमटाचा व्हिडिओ घेणार असाल तर या दोन्ही कॅमेऱ्यांना बाहेरचा माइक लावायला जागा नाही. आवाज वेगळा रेकॉर्ड करावा लागेल. घुमटाचा खालचा घुमारा कॅमेऱ्यातल्या माइकमध्ये पार मरतो, मी इथल्या आरतीच्या वेळी अनुभवलंय.


फोंड्याहून, मंगळवार संध्याकाळी

मस्कतच्या ताईंचा मुद्दा शंभर टक्के खरा. ५५ एमएमला झूम केल्यावर किटची, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरची १८-५५ची, लेन्स एफ ५.६ला जाते. एफ १.८ला त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. दोन कॅमेऱ्यांमध्ये एवढा फरक शोधून सापडणार नाही.

अडचण आहे ती जागेची. कॅननच्या लहान सेन्सरवर ५० एमएमची लेन्स ८०सारखी वागते. आपली देवखोली केवढी असते? पाठ भिंतीला टेकवून उभं राहिलं तरी चौकटीत नुसता गणपतीचा मुकुट आणि वरचे दोन नारळ. आरती म्हणणाऱ्यांच्या चेहऱ्यांना ती लेन्स फार गोड, पण घुमट, शामेळ, कांसाळं वाजवणारे एकत्र घ्यायचे तर पुरणार नाही. निकॉनला त्यांची ३५ एमएम एफ १.८ची छोटी लेन्स मिळते, ती ५२सारखी दिसते. म्हणजे साधारण आपल्या डोळ्याला दिसतं तेवढं. वापरलेली स्वस्तही मिळते.

मात्र तिथे एक फसगत आहे. डी३५००च्या अंगात फोकसची मोटर नाही. बाजारात निकॉनच्या जुन्या ५० एमएमच्या लेन्स, ज्यांच्या नावाशेवटी डी असतं, स्वस्तात दाखवतात. त्या बसतात, फोटोही येतो, पण फोकस हाताने करावा लागतो. नावाच्या सुरुवातीला एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तीच घे.

काका


डिचोलीहून, गुरुवार रात्री

काका, ताई,

दोन्ही बघून आले.

म्हापशाचा कॅनन दिसायला नव्यासारखा. बॅग उघडली तेव्हाच तो वास आला. टॉर्च मारला आणि पोटात धस्स झालं. काकांनी लिहिलं होतं तसेच धागे, एका कडेला, नखाएवढ्या जागेत. विकणारे गृहस्थ सज्जन होते, त्यांनाही धक्का बसला. दोन वर्षं बॅग उघडलीच नव्हती म्हणाले. त्यांना सुचवलं की ही लेन्स दुसऱ्या लेन्सबरोबर एका डब्यात ठेवू नका.

डिचोलीचा निकॉन जरा घासलेला आहे, पट्टा मळका, पण काच लख्ख. ती दांडी सरकवायला दोनदा हात थरथरला. शटर काउंट ६,४०० निघाला. आकाशाकडे धरून एफ १६ला एक फोटो काढला, सेन्सरवरचे डाग दिसावेत म्हणून. ढगाळ होतं ते बरंच झालं. वरच्या कोपऱ्यात एकच ठिपका होता.

पण काका, लेन्सवर व्हीआर लिहिलेलं नाही. तिथेच अडून बसले आहे. घेऊ का?


फोंड्याहून, शुक्रवार सकाळी

घे. व्हीआर नाही म्हणून दोन हजार तरी कमी करून माग, रास्त मागणी आहे. ते पैसे ३५ एमएमकडे वळव.

नीट बघ, तुझ्या दोन्ही कामांत व्हीआरचा उपयोग नाही. तो आपला हात हलला तर सावरतो. घुमट वाजवणाऱ्याची बोटं हलतात त्याला तो काय करणार? आणि माटोळी तू ट्रायपॉडवरच काढायची आहेस.

माटोळीसाठी १८ एमएम, एफ ८, आयएसओ १०० (आयएसओ वाढवला की अंधारातही फोटो उजळ येतो, पण दाणे वाढतात). शटर एक-दोन सेकंद लागला तरी चालेल. बटण दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून सेल्फ टायमर लाव. आणि आधी पंखा बंद करायला सांग. माटोळी टांगलेली असते, चिबूड एका दोरीवर हलकेच झुलत असतं, डोळ्यांना कळतही नाही, पण दोन सेकंदांत तेवढंच पुसट येतं. मी दोन वर्षं लेन्सला दोष देत होतो. फ्लॅश नको. समईचा पिवळा उजेड जातो आणि नारळांच्या शेंड्या भिंतीवर सावल्या टाकतात.

घुमटासाठी ३५ एमएम, एफ २, आयएसओ १६०० ते ३२००, मधला बिंदू घुमटाच्या काठावर. मातीचा काठ आणि ताणलेलं चामडं जिथे मिळतात तिथे फोकस पटकन बसतो. शटर १/१०० ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची, मखरातले बरेच एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. त्याहून वेगाने काढलंस तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. १/१००ला उजव्या हाताची बोटं किंचित पुसट येतील, ती येऊ दे. डावा हात घुमटाच्या उघड्या तोंडावर असतो, तो बराचसा स्थिर मिळेल, आणि घुमारा कुठून येतो हे मुलांना त्या एका फोटोत कळेल. २०१९मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला, फोटोखाली तेवढं लिहा.

एसी गाडीतून उतरलीस की लगेच बॅग उघडू नकोस, काच धुक्याने भरते. अर्धा तास जाऊ दे.

भाचीसाठी आजच घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आण, तांदूळ ठेवतो तसला, आणि सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत गरम करायचे. जुने लोक कपाटात पिवळा दिवा लावून ठेवत, त्याची ऊब असायची. आताचे एलईडी ती ऊब देत नाहीत. महिन्यातून दोनदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरायला सांग तिला. त्या कॅमेऱ्यात शिकणाऱ्यांसाठी गाइड मोडही आहे, तिथून सुरुवात करू दे.

आमच्याकडे माटोळी आदल्या दिवशी दुपारी बांधतात. फळं टांगतानाचे फोटो कुणी काढत नाही. दोनला ये, भाचीलाही घेऊन ये. शिडी घरात आहे.

काका