वजन कमी करायला स्लीव्ह (पोट कापून लहान करणं) करू की बायपास (पोट लहान करून आतड्याचा रस्ता वळवणं)? दहा वर्षांनी काय होतं?

ठाणेकर_आई:
डॉक्टर स्लीव्ह म्हणतायत, शुगर आहे, गुडघे पण गेलेत. ऑपरेशनची एवढी भीती नाही पण पुढे आयुष्यभर काय सांभाळायचं ते कोणी नीट सांगतच नाही. वजन परत वाढतं का? आणि आम्ही पूर्ण शाकाहारी, प्रोटीन आणायचं कुठून?

नर्सताई:
ताई, छातीत जळजळ होते का तुमच्या? असेल तर स्लीव्हनंतर ती वाढू शकते, अशांना बरेचदा बायपास सुचवतात, पण बायपासमध्ये लोह, कॅल्शियम, बी१२ कमी शोषलं जातं. सप्लिमेंट दोन्हीत जन्मभर, वर्षाची रक्ततपासणी चुकवायची नाही. आणि हे कळकळीने सांगते, बायपासनंतर गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणून घेऊ नका, अल्सर होऊ शकतो.

पुण्याची_मी:
माझं बायपास झालंय. ताटात आधी पनीर किंवा उसळ, मग जागा उरली तर भाताचे दोन घास, जेवताना पाणी नाही. सुरुवातीला केस इतके गळले की रडायचे मी, नंतर आले परत. लग्नात आग्रह झाला म्हणून जिलबी खाल्ली की घाम, धडधड, पोटात कळ, याला डंपिंग म्हणतात. वजन पुढे थोडं वाढतं बऱ्याच जणांचं, ते धरूनच चाला.

ठाणेकर_आई:
जळजळ आहे हो, रोज रात्री! मग आधी एंडोस्कोपीचं विचारते डॉक्टरांना.

नर्सताई:
हो, तारीख घ्यायच्या आधीच विचारा.