शब्दचर्चा : स्टॉप बाथ, फिक्सर आणि ‘स्थिरीकरण’

प्रश्न : कृष्णधवल फिल्म डेव्हलप करण्याची कृती मराठीत लिहिताना स्टॉप बाथला ‘विरामक’ आणि फिक्सरला ‘स्थिरीकारक’ म्हणावे का? दोन्ही द्रावणे बहुधा आम्लधर्मी असतात आणि दोन्हींमुळे डेव्हलपिंग थांबते. मग एकच शब्द का पुरू नये?

उत्तर : एक शब्द पुरणार नाही, कारण दोन्ही द्रावणांची कामे वेगळी आहेत. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर प्रतिमा उमटवणारे द्रावण, सहसा अल्कधर्मी असतो आणि फिल्मच्या जिलेटिनच्या थरात मुरलेला असतो. स्टॉप बाथमधले साधारण एक-दोन टक्के ॲसेटिक आम्ल ती अल्कता घालवते, आणि डेव्हलपिंग काही सेकंदांत थांबते. मात्र ज्यावर डेव्हलपरची क्रिया झाली नाही ते सिल्व्हर हॅलाइड (फिल्मच्या थरातला चांदीचा क्षार) तसेच राहते व प्रकाशाला संवेदनशील असते. फिक्सरमधले थायोसल्फेट ते विरघळवून काढते. ‘विराम’ या शब्दात पुन्हा सुरू होण्याची सूचना असल्यामुळे ‘विरामक’ मला पटत नाही; ‘स्टॉप बाथ’ हेच राहू द्यावे.

‘स्थिरीकारक’बद्दलचा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे द्रावण प्रतिमेला काही बांधून ठेवते असा समज त्यातून होतो, पण चांदीच्या कणांची प्रतिमा आधीच तयार झालेली असते. फिक्सर फक्त नको असलेला भाग काढून टाकतो. छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या टॅलबटने सुरुवातीला मिठाच्या तीव्र द्रावणाने कागदाची संवेदनशीलता कमी केली, तेव्हा चांदीचे क्षार कागदातच राहत होते. त्या क्रियेला ‘स्थिरीकरण’ शोभते. थायोसल्फेट चांदीचे क्षार विरघळवते हे शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८१९ मध्ये नोंदवले होते आणि १८३९ मध्ये त्याने ते छायाचित्रांसाठी वापरले. या दुसऱ्या क्रियेला ‘स्थायीकरण’ म्हणावे, म्हणजे दोन्हींतला भेद शब्दांतही टिकेल.

‘हायपो’ हा शब्दही जपून वापरावा. तो सोडियम थायोसल्फेटच्या जुन्या, आजच्या रसायनशास्त्राला अमान्य असलेल्या नावाचा संक्षेप आहे. रॅपिड फिक्सरमध्ये अमोनियम थायोसल्फेट असते, त्यामुळे प्रत्येक फिक्सरला हायपो म्हणणे सैलपणाचे ठरते.

पुरवणी : ‘धुणे’ या क्रियापदाचाही विचार व्हावा. ‘रोल धुवायला दिला’ असे आपण म्हणतो तेव्हा संपूर्ण डेव्हलपिंग अभिप्रेत असते, पण कृतीच्या पायऱ्यांमध्ये ‘धुणे’ फक्त फिक्सरनंतरच्या शेवटच्या धुण्यालाच वापरावे. काहीजण स्टॉप बाथऐवजी साधे पाणी वापरतात; त्याला ‘विसळणे’ म्हणावे, कारण पाण्याने डेव्हलपर विरळ होतो, तरी क्रिया आम्लाइतकी झटकन थांबत नाही.

फिक्सरमध्ये दुधी फिल्म पारदर्शक होते त्यासाठी ‘निवळणे’ हा तयार शब्द आहे. फिल्मचा तुकडा निवळायला जितका वेळ लागतो त्याच्या निदान दुप्पट वेळ फिल्म फिक्सरमध्ये ठेवण्याची रीत आहे. आणि त्याच फिल्मला ताज्या द्रावणाच्या दुप्पट वेळ निवळायला लागू लागला, की ते द्रावण थकले असे समजून बदलावे.